तहातला पिंपळ

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना काहीही विचारलं तरी उत्तर जेरुसलेमहून यायचं. नवीन मुख्याध्यापिका कशा वाटतात असं कोणी विचारलं, तर डब्याचं झाकण लावत म्हणायचे, "घेतलंय तर खरं. राखतायत किती दिवस ते बघू." नव्या माणसाला वाटायचं, सर खुर्चीबद्दल बोलतायत. जुन्यांना ठाऊक होतं की सर नऊशे वर्षांपूर्वीच्या एका शहराबद्दल बोलतायत आणि मुख्याध्यापिकांची खुर्ची त्यात मधेच आली आहे.

मी गणित शिकवायचे. माझं घर भिवंडीत, निजामपुऱ्यात, खाली कापडाचे लूम आणि वर आम्ही, त्यामुळे हळू बोलायची आमच्या घरात कोणालाच सवय नाही. सरांचं उलटं. पहिल्या बाकावरच्या मुलालाही कान द्यावा लागायचा. आमचे वर्ग शेजारी होते आणि मधे नुसती प्लायवूडची भिंत, फटींची; त्यांचा वर्ग गप्प झाला की सरांचा हळू आवाजही इकडे यायचा. सर तासाच्या मधेच माझ्या दारात येऊन उभे राहायचे. "बाई, तुमचे त्रिकोण जरा आवरा, माझ्या लढाईत घुसतायत." मी म्हणायचे, "तुमची लढाई पुस्तकात तरी आहे का, सर?" पुस्तकात तिला जेमतेम एक परिच्छेद होता. सर त्यावर अख्खा महिना घालवायचे आणि मग उरलेला इतिहास परीक्षेच्या तोंडावर धावत पळत संपवायचे.

हे खूळ त्यांना लागलं कुठून, तर रद्दीतून. राहनाळच्या पुढे त्यांचं गाव. एके काळी भातशेती आणि खाडीची मासळी यांवर चालणारं, आता गोदामांवर. सरांच्याही जमिनीवर गोदाम होतं, भाडं येत होतं, नोकरी केली नसती तरी चाललं असतं. शेजारच्या गोदामात परदेशातून रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यातलं एक कव्हर नसलेलं इंग्रजी पुस्तक सर उचलून घरी घेऊन गेले. आधी डिक्शनरी घेऊन वाचलं. मग डिक्शनरी सुटली आणि पुस्तक राहिलं.

कधीही पाण्याशिवाय निघायचे नाहीत. खांद्याला पट्ट्याची भलीमोठी बाटली, अगदी शाळेतून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचं असलं तरी. कोणी हसलं की सांगायचे, "क्रुसवाल्यांचं अख्खं राज्य एका दिवसात गेलं, ते पाणी सोडून निघाले म्हणून." कपड्यांवर क्रूस शिवून लढायला गेलेले ते क्रुसेडर. सर त्यांना क्रुसवालेच म्हणायचे. त्या गोष्टीत ते कोणाचं नावच घ्यायचे नाहीत. महारोगी राजा, दिलदार सुलतान, शापित बादशहा, एवढ्यावर भागवायचे. मुलांनी नावं विचारली तर म्हणायचे, नावं पाठ केलीत की माणूस विसरून जाल.

गोष्ट मला प्लायवूडमधून ऐकून ऐकून पाठ झाली होती. युरोपातून माणसं निघाली, तीन वर्षं चालली, निम्मी वाटेत मेली. उरलेल्यांनी भर उन्हाळ्यात जेरुसलेम घेतलं. इथे दर वर्षी एखादा मुलगा टाळी वाजवायचा आणि दर वर्षी सर तिथेच थांबायचे. "कोणी वाजवली? उभा राहा. आता सांग, त्या संध्याकाळी त्या शहरात टाळी ऐकायला कोण शिल्लक होतं?" मग आत जे झालं ते सांगायचे, मुसलमान, यहुदी, बाया, पोरं, सगळं, आवाज न चढवता. सुलतानाने पुढे ते शहर परत घेतलं आणि तशी कत्तल केली नाही, तिथेही टाळी चालायची नाही. भिवंडीत अशी गोष्ट सांगताना माणूस एकदा आजूबाजूला बघून घेतो. सर बघायचे नाहीत. वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसलेली असायची आणि सगळी तेवढीच गप्प व्हायची.

क्रुसवाल्यांच्या महारोगी राजाशी आले की बाही वर करायचे. तो लहान असताना पोरं खेळताना एकमेकांना चिमटे काढायची, बाकीची ओरडायची आणि हा ओरडायचा नाही. मास्तरला वाटलं, पोरगा शूर आहे. मग कळलं, त्याला लागतच नाही. सर स्वतःच्या हाताला चिमटा काढून वर्गाला दाखवायचे आणि म्हणायचे, "ओरडणारं पोर बरं, समजलं का?" माझ्या वर्गातली मुलं वर्गमूळ सोडून तिकडे कान लावून बसायची आणि मी त्यांना रागावायचे, पण फार नाही.

त्यांचा खरा लाडका मात्र तो शापित बादशहा. चर्चने बहिष्कार घातलेला, बरोबर धड फौज नाही, आणि त्याने जेरुसलेम मिळवलं ते नुसतं बोलून. सुलतानाच्या वारसाबरोबर तह केला, दहा वर्षांचा. मुसलमानांची जागा मुसलमानांकडे, ख्रिस्त्यांची ख्रिस्त्यांकडे. एक थेंब रक्त नाही. आणि दोन्हीकडचे लोक भडकले. तो परत जायला बंदरावर निघाला तर त्याच्याच माणसांनी, बाजारातल्या खाटकांनी, त्याच्यावर जनावरांची आतडी फेकली. हे सांगताना सर एवढे खूश व्हायचे की एकदा हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मी भिंतीपलीकडून पाणी पाठवलं. त्यांची बाटली त्यांच्या खांद्यालाच होती.

शेवटी शहर गेलं ते गेलंच. पण पुढे शेकडो वर्षं युरोपातले राजे स्वतःला जेरुसलेमचे राजे म्हणवत राहिले. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. मुलं हसली की सर म्हणायचे, "हसू नका. तुम्हीपण पत्ता सांगताना म्हणता ना, टॉकीजच्या मागे? टॉकीज पाडून किती वर्षं झाली?"

आता त्यांच्या गावाचं सांगते.

गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. सर वरच्या आळीतले. गावदेवीच्या जत्रेला पालखी देवळातून निघते आणि खाडीपर्यंत जाते, देवीला आंघोळ घालून परत येते. पालखीचा पुढचा खांदा पहिल्यापासून वरच्या आळीचा. मधल्या काळात खालच्या आळीच्या जमिनींवर मोठी गोदामं झाली, त्यांनी देवळाला नवं शिखर बांधून दिलं, आणि पुढचा खांदा मागितला. एका जत्रेत डोकी फुटली. पोलिसांनी दोन्हीकडची माणसं उचलली, आणि त्यानंतर पालखी देवळातच राहिली. दोन जत्रा अशाच गेल्या. सर तरुणपणी पुढच्या खांद्याला असायचे. उजव्या खांद्यावर एक घट्टा होता, शर्टावरून हात फिरवून ते तो दाखवायचे. पालखी बसून आहे हे त्यांना घरात कोणी आजारी असल्यासारखं लागलं होतं.

एक दिवस म्हणाले, "बाई, रविवारी माझ्याबरोबर गावाला या. तह करायचाय. दोन्ही आळ्यांतलं नसलेलं एक माणूस साक्षीला पाहिजे."

मी म्हटलं, "सर, आमच्या घरात देवीबिवी काही नाही. तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून तर. देवी तुमच्या बाजूची आहे असं कोणी म्हणणार नाही."

गेले. देवळाच्या ओट्यावर एका बाजूला वरच्या आळीचे, दुसऱ्या बाजूला खालच्या आळीचे. वरच्या आळीतर्फे बोलत होते सरांचे चुलते, गाव त्यांना काका म्हणायचं. खालच्या आळीतर्फे एक गोदामवाला, सरांच्याच वयाचा, त्याला सगळे दादा म्हणत होते. मला खुर्ची दिली. चहा आला. माझ्या आडनावावरून एक बाई दुसरीच्या कानाशी लागली, सरांनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ते तिथेच थांबलं.

काका म्हणाले, "खांदा आमचा. आज्यापासून आमचा हाय."

"आज्याच्या टायमाला देवलावर पत्रे होते," दादा म्हणाला. "शिखर कोनी बांधला?"

"शिखर बांधला म्हंजी देवी इकत घेतली काय?"

सर मधे बसले होते, बाटली मांडीवर. म्हणाले, "काका, तुम्ही खांदा धरून बसलात आणि पालखी देवळात बसली. मग धरलंत काय? आणि दादा, तुला अख्खा खांदा मिळाला तर हे लोक मागे येतील? तू एकटा नाचणार खाडीवर?" मग तह सांगितला. देवळापासून पिंपळापर्यंत पुढचा खांदा वरच्या आळीचा. पिंपळापाशी खांदा बदलायचा. पिंपळापासून खाडीपर्यंत खालच्या आळीचा. दहा वर्षं. दहा वर्षांनी पुन्हा याच ओट्यावर बसायचं.

मी गणिताची, म्हणून मी आपलं विचारलं, "दोन्ही अंतरं सारखी आहेत का?"

यावर मात्र दोन्ही बाजू एकदम हसल्या. काका म्हणाले, "बाय, पिंपल बराबर मधी हाय." दादाने मान डोलावली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं. कागद करू या असं कोणीतरी म्हणालं, पण सर म्हणाले, कागद केला की वकील येतो. देवीसमोर सुपारी फोडली आणि तह झाला. येताना रिक्षात सर स्वतःशीच हसत होते. "एक थेंब रक्त नाही, बाई," असं दोनदा म्हणाले.

जत्रेला मलाही बोलावलं होतं. ढोल, गुलाल, दोन वर्षांची कसर भरून काढल्यासारखी गर्दी. काका इतके म्हातारे, पण पहिली काही पावलं त्यांनी स्वतः खांदा दिला. पालखी देवळातून निघाली, आळीतून गोदामांच्या रस्त्याला लागली, आणि तिथे खालच्या आळीची पोरं ओरडली, "बदला! पिंपल आला!"

"कुठं आला? अजून यायचा हाय," वरच्या आळीचे चालतच राहिले.

"यो काय, वजनकाट्यापाशी!"

"काट्यापाशी न्हाय, पुढं, चायच्या टपरीपाशी!"

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ट्रक तोलायचा वजनकाटा दिसत होता, टपरी दिसत होती, मधे काँक्रीटचा रुंद रस्ता आणि त्यावर वळायला उभा असलेला कंटेनर. मी सरांना विचारलं, "सर, पिंपळ कुठे आहे?"

सर रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "होता."

कंटेनर वळत नाहीत म्हणून तो काही वर्षांपूर्वी कापला होता. बुंधासुद्धा उकरून वर काँक्रीट ओतलं होतं. अख्खं गाव त्याच्या सावलीत वाढलेलं, रोज पिंपळापाशी भेट, पिंपळापाशी उतर असं म्हणणारं. ओट्यावर एवढी माणसं बसली होती, पण तिथे आता झाड नाही हे एकालाही सुचलं नव्हतं. मला कुठून सुचणार, मी तर पाहुणी. आणि सर, मुलांना टॉकीजवरून हसू नका म्हणणारे, त्यांनी त्या पिंपळावर तह बांधला होता.

पालखी जमिनीला टेकवायची नसते. त्यामुळे ती तशीच खांद्यांवर, खालचे लोक दांडा मागतायत, वरचे सोडत नाहीत. गाड्या हायवेपर्यंत तुंबल्या. कंटेनरच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढली आणि फार नम्रपणे म्हणाला, "भाईसाब, माताजी को थोडा साइड में ले लो, गाडी मुडनी है." त्यावरून ढकलाढकली झाली. पोलीस आले. साहेबाने इकडेतिकडे बघून एक रिकामा टेम्पो मागवला आणि पालखी त्यात चढवायला लावली. खाडीपर्यंत देवी टेम्पोतून गेली. पुढच्या वर्षीही टेम्पोच आला, आणि मग तीच रीत पडली. भांडण नको असेल तर कोणाचाच खांदा नको.

दोन्ही आळ्यांचं आणखी एका गोष्टीवर एकमत झालं. सगळं मास्तरांनी केलं. वरची आळी म्हणाली, घरचा माणूस असून आमचा खांदा वाटून टाकला. खालची आळी म्हणाली, वरच्या आळीचा माणूस तो, मुद्दाम नसलेलं झाड सांगितलं. दोन दिवसांनी सरांच्या पायरीवर कोणीतरी मासळीची घाण आणून टाकली, डोकी, आतडी, खवले. सर शाळेत आले ते जवळजवळ खुशीत. "आतडी, बाई! अगदी तीच!" मीही हसले. आम्हाला वाटलं, एवढ्यावर निभावलं.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीला आमंत्रण लागत नाही, गाव येतं, मटणाचे टोप चढतात, नाचून नाचून मांडवातली जमीन गुळगुळीत होते. आम्ही शाळेतले सगळे संध्याकाळी पोचलो. मांडव मोठा, खुर्च्या रांगेने मांडलेल्या, आणि त्यांवर आम्ही, गोदामातले काही हमाल, आणि मुलीच्या मैत्रिणी. गावातून आली ती एकटी धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी. ती खालच्या आळीची, पण म्हणाली, पोरीची हळद हाय, मी आळी बगत न्हाय. ती रिकाम्या खुर्च्यांना गाणी म्हणत होती, भरल्या मांडवात म्हणते तेवढ्याच आवाजात. मला फार वाईट वाटलं. मुलगी सारखी रस्त्याकडे बघत होती. टोप तसेच भरलेले राहिले आणि सर हमालांना आग्रह करकरून वाढत होते.

निघताना सर फाटकापर्यंत आले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "जाऊ द्या सर, येतील हळूहळू."

ते म्हणाले, "हळदीचं जाऊ द्या. पोरगी उद्या सासरी जाईल. पण बाई, मी मेलो तर मला खांदा कोण देणार?"

जेरुसलेम त्यात नव्हतं. सरांनी जेरुसलेमशिवाय बोललेलं मी ते पहिल्यांदा ऐकलं.

नंतरही ते शाळेत होते, निवृत्त होईपर्यंत. गोष्ट सांगायचे, बाही वर करायचे, टाळी वाजवणाऱ्याला उभं करायचे. बादशहा मात्र आवरता घ्यायला लागले. खाटकांचा भाग गाळायला लागले. एकदा एका मुलाने मोठ्या भावाकडून ऐकलं होतं म्हणून विचारलं, "सर, ते आतड्यांचं?" सर म्हणाले, "ते परीक्षेला नाही." निवृत्तीनंतर भेटी कमी झाल्या, फोन व्हायचे. गावात ते देवळाच्या बाजूला जात नव्हते. घरी भावकीतलं कोणी येत नव्हतं. काका समोरून आले तर मान वळवायचे. खांद्याचं ते पुन्हा कधी बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "दहा वर्षं झाली, बाई. ओट्यावर बसायचं ठरलं होतं." मी विचारलं, बसलं का कोणी? तर म्हणाले, "टेम्पो वेळेवर येतो. बसायचं कशाला?"

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचा सकाळी फोन आला. सर पहाटे झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा दारात शववाहिनी उभी होती. मुलीनेच बोलावलेली. मला म्हणाली, "बाई, बाबांचा जावई एक, भाचे दोन. चौथा कुठून आणू? बाबाच म्हणून गेलेत, उगाच कोणाच्या पाया पडू नकोस, गाडी बोलाव."

गाडीत ठेवायचं म्हणून उचलणार, एवढ्यात काका आले. काठी टेकत, नातवाच्या आधाराने. ते बोलायच्या आधीच त्यांच्या मागून वरची आळी येताना दिसली. काका शववाहिनीच्या ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी परत ने."

मुलगी म्हणाली, "आजोबा, उचलणार कोण?"

"आमी हाय ना. मास्तर टेम्पोतून जानार न्हाय."

पुढचा खांदा वरच्या आळीने घेतला. निघेपर्यंत दादा आणि खालच्या आळीची माणसंही आली. ती नुसती मागे चालायला लागली. स्मशान खाडीवर, रस्ता पालखीचाच. त्यांच्याकडे बायका अर्ध्या वाटेपर्यंत जातात, म्हणून मुलीबरोबर मीही चालत होते. तिने सरांची पाण्याची बाटली खांद्याला अडकवली होती.

आळी संपली, गोदामांचा रस्ता लागला. वजनकाटा गेला. टपरी अजून पुढे होती. मधेच, काँक्रीटवर, काही खूण नाही, काही नाही, अशा ठिकाणी वरच्या आळीची माणसं थांबली. कोणी हाक दिली नाही. खालच्या आळीचे पुढे आले, दादाने उजवीकडच्या दांड्याखाली खांदा घातला, आणि वरचे बाजूला होऊन मागच्या खांद्याला गेले. समोरून येणाऱ्या कंटेनरने इंजिन बंद केलं. तिरडी पुढे निघाली.

मी चालायला लागले, तर मुलीने माझा हात धरला. ती जागेवर उभी होती, बाकीच्या बायकाही उभ्या होत्या.

"बाई, आपण इथून मागे फिरायचं," ती म्हणाली. "पिंपळ आला."